मालिकांचे कागद रद्दीत घालू नका: नाटककाराचं चरित्र कसं लिहावं

माझा मामा नाटककार होता. कॉलेजात एकांकिका, पुढे राज्य नाट्यस्पर्धा, मग व्यावसायिक रंगभूमीवर चार नाटकं, अधूनमधून आकाशवाणी आणि दूरदर्शन. २००१ मध्ये बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर सात वर्षं त्यानं मराठी मालिका लिहिल्या. तो गेल्यावर त्याचं चरित्र मी लिहिलं. तीन वर्षं लागली. पहिल्या वर्षात मी ज्या चुका केल्या त्या आता कुणी करू नयेत म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या घरात, ओळखीत किंवा तुमच्या नाट्यसंस्थेत असा नाटक आणि मालिका दोन्ही लिहिणारा माणूस असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. तो अजून हयात असेल तर वाचून झाल्याबरोबर त्याला फोन करा.

सगळ्यात मोठी चूक आधी सांगते. मामाच्या तेराव्यानंतर घर आवरायला घेतलं. माळ्यावर एक ट्रंक आणि चार कापडी पिशव्या होत्या. ट्रंकेत नाटकांच्या संहिता होत्या, त्या आम्ही जपून बाजूला ठेवल्या. पिशव्यांत मालिकांची पानं होती, एका बाजूनं लिहिलेली, कोपऱ्यात भाग क्रमांक आणि सीन क्रमांक. दोन पिशव्या रद्दीवाल्याला देऊन झाल्या तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. घरातल्या कुणालाही त्यात गैर वाटलं नव्हतं. मामा स्वतःच म्हणायचा, "नाटक हे लेखन, मालिका हे काम." आम्ही त्याचा शब्द खरा मानला.

आता जरा हिशेब करा. त्याची एक मालिका सोमवार ते शुक्रवार चालायची. आठवड्याला पाच म्हणजे वर्षाला २६० भाग. अडीच वर्षांत साडेसहाशे. एका भागाची साधारण अठरा पानं धरली तर अकरा हजारांच्या वर पानं होतात. त्यातले काही भाग दुसऱ्या संवादलेखकानं लिहिले असतील, ते वजा करा. तरीही त्याच्या चारही नाटकांची छापील पानं मिळून साडेतीनशे भरत नाहीत. म्हणजे माणसाचं आयुष्यभराचं बहुतेक लेखन त्या पिशव्यांत होतं. नाटकाचं पुस्तक निघतं, जाहिरात छापून येते, परीक्षण येतं, स्मरणिका निघते. मालिकेच्या संवादांचं यातलं काहीच होत नाही. म्हणून शोध सुरू करायचा तो मालिकांपासून. नाटकं थोडी थांबू शकतात.

आधी कोष्टक, मग जन्म

चरित्र म्हटलं की आपण "त्यांचा जन्म अमुक गावी" असं लिहायला बसतो. ते नंतर करा. सुरुवातीला एक कोष्टक आखा: साल, कलाकृतीचं नाव, कुणासाठी लिहिलं, लेखकाचं नेमकं काम काय, आणि ही माहिती कशावरून मिळाली. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. मी त्यात तीनच शेरे ठेवले होते: "प्रत्यक्ष पाहिलं", "छापील", "ऐकीव". ऐकीव नोंद काढून टाकायची नाही, पण ती ऐकीवच आहे हे पुस्तकातही लिहायचं.

घरातल्या गोष्टी ऐकीव रकान्यात जातात, कितीही लाडक्या असल्या तरी. आमच्याकडे पिढीजात सांगितलं जायचं की मामानं बासष्ट साली पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा गाजवली. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेनं ती स्पर्धा सुरूच केली १९६३ मध्ये. मामाचं प्रमाणपत्र सापडलं ते १९६४ चं. नाट्यगृहांची उद्घाटनं अशा तपासणीला फार उपयोगी पडतात. दादरचं शिवाजी मंदिर १९६५ चं, पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर १९६८ चं, ठाण्याचं गडकरी रंगायतन १९७८ चं. कुणी सांगितलं की पंचाहत्तर साली गडकरीला शुभारंभ झाला, तर एकतर साल चुकलंय नाहीतर जागा. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, त्याच्या आधीचं मराठी टीव्हीचं काम कुणी सांगू लागलं तर थांबून पुन्हा विचारा.

वाहिन्यांची नावं त्या काळी जी होती तीच लिहा. १९९९ मध्ये सुरू झालेली वाहिनी अल्फा मराठी होती, झी मराठी हे नाव नंतर आलं. कलर्स मराठी २०१५ पर्यंत ई टीव्ही मराठी होती. आजचं नाव घालून लिहिलं की पुढच्या अभ्यासकाला जुन्या वर्तमानपत्रात काहीच सापडत नाही.

घरात काय शोधायचं

हस्तलिखितं तर शोधालच. मला खरी मदत झाली ती मामीच्या कालनिर्णयांची. मामीनं बावीस वर्षांची कालनिर्णयं स्वयंपाकघराच्या खिळ्यावरून काढून गठ्ठा बांधून ठेवली होती. दुधाच्या खाड्यांच्या खुणा, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख, आणि त्याच चौकोनात "वाचन, आपल्याकडे, १२ माणसं" किंवा "साहित्य संघ, रा. ८", म्हणजे गिरगावातलं साहित्य संघाचं नाट्यगृह, रात्री आठ. एका नाटकाचं वाचन ते रंगीत तालीम हा चौऱ्याऐंशी दिवसांचा प्रवास मी केवळ त्या चौकोनांवरून लिहू शकले. मामीला विचारलं तर ती म्हणाली, "अगं, बारा माणसांचा चहा करायचा तर लिहून ठेवायला नको?" घरातल्या बाईच्या नोंदी आधी बघा, लेखकाच्या डायरीपेक्षा त्या जास्त नियमित असतात.

दुसरं, पैशाचे कागद. यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. आकाशवाणी आणि दूरदर्शनची करारपत्रं असतील तर श्रुतिकेचं किंवा नाटिकेचं नाव, तारीख, मानधन सगळं एका कागदावर मिळतं. मालिकांसाठी बँकेची पासबुकं आणि टीडीएसची (मानधनातून आधीच कापलेल्या कराची) प्रमाणपत्रं, म्हणजे फॉर्म १६ अ, बाहेर काढा. कुठल्या निर्मितीसंस्थेनं कुठल्या तिमाहीत पैसे दिले ते त्यात असतं. मामाच्या एका मालिकेत श्रेयनामावलीत त्याचं नाव पहिल्या काही महिन्यांनंतर दिसत नाही, म्हणून सगळे समजत होते की त्यानं ती सोडली. प्रमाणपत्रं पुढच्या दीड वर्षाची निघाली. तो लिहीत होता, नाव जात नव्हतं.

तिसरं, फॅक्स. मालिकांच्या सुरुवातीच्या काळात मामा रात्री संवाद लिहायचा आणि सकाळी नाक्यावरच्या एसटीडी बूथवरून फॅक्स करायचा. दुरुस्त्या फॅक्सनंच परत यायच्या. तो गुळगुळीत कागद उष्णतेनं उमटतो आणि काही वर्षांत पांढराफटक होतो. असा कागद हाती आला तर वाचत बसू नका, त्याच क्षणी फोटो काढा. उन्हात धरू नका, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, आणि चिकटपट्टी तर अजिबात लावू नका.

जुन्या कॉम्प्युटरवरच्या फायलींचंही एक सांगून ठेवते. श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फाँटमधल्या फायली आज उघडल्या की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग दिसते. फाइल खराब झाली असं समजून पुसू नका. मजकूर शाबूत असतो, फाँट नसतो. तो फाँट मिळवला किंवा युनिकोडमध्ये रूपांतर करून घेतलं की सगळं वाचता येतं. रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार बिघडतात, म्हणून प्रत्येक पान मूळ फाइलशी ताडून बघा.

एका नाटकाच्या किती प्रती

छापील पुस्तक म्हणजेच नाटक असं धरून चालू नका. एका नाटकाची निदान चार रूपं असतात. लेखकाचा खर्डा, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे (नाटकांच्या सरकारी सेन्सॉरकडे) गेलेली संमत प्रत, तालमीतली प्रत आणि पुस्तक. प्रयोगाला मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे संमत प्रतीवर शिक्का आणि तारीख मिळते, क्वचित कापलेली वाक्यंही. 'सखाराम बाइंडर'ला १९७२ मध्ये ३२ कट सुचवले गेले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण कितीतरी साध्या नाटकांतही दोन-चार वाक्यं गेलेली असतात आणि लेखक ती पुस्तकात परत घालतो. कुठली गेली आणि कुठली परत आली यावरून लेखकाचा स्वभाव कळतो.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती प्रॉम्प्टरची, म्हणजे विंगेतून नटांना वाक्यं पुरवणाऱ्याची प्रत. प्रयोगागणिक काय बदललं ते तिच्यात असतं. मामाच्या दुसऱ्या नाटकाचा शेवट पुस्तकात असा आहे की मुलगा घर सोडून जातो. प्रॉम्प्टरच्या प्रतीत तिसऱ्या प्रयोगानंतर पेन्सिलीनं तो प्रसंगच खोडलाय आणि आईच्या एका वाक्यावर पडदा टाकलाय. लोकांनी बघितलेलं नाटक ते. ती प्रत मला विंगेत आयुष्य काढलेल्या एका आजोबांच्या घरी, देव्हाऱ्याखालच्या खणात मिळाली. तेव्हा नटांकडे जाण्याआधी पडद्यामागच्या माणसांकडे जा. प्रकाशयोजनेवाले, संगीत देणारे, कपडेपटवाले. त्यांना कुणी विचारत नाही आणि त्यांना सगळं आठवत असतं.

प्रयोगांची संख्या हा नाजूक विषय. घरचे, निर्माते, नट सगळे गोल आकडा सांगतात. मामाच्या स्मृतिदिनाला आम्ही जी पुस्तिका काढली तिच्यात मीच "३०० प्रयोग" छापलं. पुढे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून जुन्या अंकांतल्या नाटकांच्या जाहिराती काढल्या, तर शेवटची मिळाली ती "प्रयोग २१८ वा". आता मी तेवढंच लिहिते: जाहिरातीत सापडलेला शेवटचा क्रमांक २१८. जाहिराती मोजू नका, त्यांवरचा क्रमांक बघा, कारण गणेशोत्सवातले, काँट्रॅक्टचे (कुणी ठरावीक रक्कम देऊन ठेवलेले) आणि दौऱ्यावरचे प्रयोग मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रात येतीलच असं नाही, पण क्रमांकात सहसा धरलेले असतात. २१८ प्रयोग ही काही लहान गोष्ट नाही. ती फुगवायची गरजच नव्हती.

आणि संस्था नीट नोंदवा. एकच नाटक दोन संस्थांकडे जन्म घेऊ शकतं. 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ ला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) या संस्थेनं केला. १९ प्रयोगांनंतर ते नाटक थांबलं, मग १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी निघाली आणि १९७४ पासून तिनं ते नाटक पुढे नेलं. नुसतं "घाशीराम, १९७२" असं लिहिलं तर यातलं काहीच वाचकापर्यंत पोचत नाही. मामाच्या स्पर्धेतल्या नाटकाचंही तसंच झालं, स्पर्धेला बँकेच्या कर्मचाऱ्यांचा संघ होता आणि व्यावसायिक रंगभूमीवर दुसराच निर्माता, दुसरं नाव, नवा तिसरा अंक.

मालिकेत "लेखक" म्हणजे कोण

इथे बहुतेक चरित्रं घाईत असतात. "त्यांनी अनेक मालिकांचं लेखन केलं" एवढं एक वाक्य, आणि पुढे पुरस्कारांची यादी. मालिकेत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद तिसऱ्याचे असू शकतात. पटकथाकार भागाचे सीन पाडून देतो, कोण कुठे आहे, काय घडतं, भाग कुठे संपतो. संवादलेखक त्यात माणसांच्या तोंडी भाषा घालतो. वर वाहिनीची आणि निर्मितीसंस्थेची क्रिएटिव्ह मंडळी ट्रॅक, म्हणजे कथेचं पुढचं वळण, ठरवतात आणि बदलतात. तेव्हा तुमच्या कोष्टकात प्रत्येक मालिकेपुढे यातलं नेमकं कुठलं काम ते लिहा, आणि शक्यतो कुठल्या भागापासून कुठल्या भागापर्यंत. दोन वर्षं चाललेल्या मालिकेत संवादलेखक दोनदा-तीनदा बदललेला असू शकतो.

पुरावा कसा मिळवायचा? इंटरनेटवर जुने भाग सापडले तर श्रेयनामावली थांबवून फोटो घ्या, पण वेगवेगळ्या महिन्यांतले भाग बघा. पहिल्या भागावरून सगळ्या मालिकेचं अनुमान काढू नका. दूरदर्शनचं जुनं काम तर बघायला मिळेल या भरवशावर राहूच नका, त्या काळी टेप महाग होत्या आणि पुसून पुन्हा वापरल्या जायच्या. वर्तमानपत्रातलं "आजचे कार्यक्रम" हे सदर मात्र ग्रंथालयात शिल्लक आहे. लेखकानं स्क्रीन रायटर्स असोसिएशनकडे काही नोंदवलं असेल तर त्या प्रतीवरची तारीख उपयोगी पडते. अशी नोंदवलेली पण कधीच न बनलेली मालिकाही चरित्रात घ्या.

नटांशी बोलताना "कसे होते हो ते?" असं विचारलंत तर "फार मोठा माणूस" एवढंच उत्तर मिळेल. त्याऐवजी विचारा, सेटवर पानं किती वाजता यायची? गरम गरम यायची की आदल्या दिवशी? अक्षर लागायचं का? एखादं वाक्य जिभेवर बसलं नाही तर फोन कुणी करायचा? या प्रश्नांनी माणसं बोलायला लागतात. एका अभिनेत्रीनं सांगितलं की मामाच्या पानांत तिच्या सासूच्या भूमिकेला कधीही "तू गप्प बस" असं वाक्य नसे, क्रिएटिव्हनं मागितलं तरी तो ते दुसऱ्या तऱ्हेनं लिहायचा. हे मला कुठल्याही संहितेत सापडलं नसतं. साल मात्र नटांना विचारू नका. "तेव्हा तुमची मुलगी कितवीत होती?" असं विचारा आणि साल स्वतः काढा.

रेकॉर्ड करताना परवानगी घ्या, ती परवानगीही रेकॉर्ड करा. एखाद्यानं तिसऱ्याबद्दल काही कडू सांगितलं आणि त्याला दुसरा आधार नसेल तर ते छापू नका.

रिकामी वर्षं

कोष्टक भरत आलं की मोकळ्या जागा दिसायला लागतात. मामाच्या कोष्टकात २००१ ते २००८ या काळात एकही नाटक नाही. एका स्मरणिकेत कुणीतरी लिहिलं होतं, "पुढे त्यांची लेखणी थंडावली." ते वाक्य मला फार लागलं. ज्या वर्षांत लेखणी थंडावली म्हणतात त्या वर्षांत हा माणूस पहाटे चारला उठून रोज अठरा-वीस पानं लिहीत होता. मामीच्या कालनिर्णयावर त्या वर्षांत लग्नं, बारशी, सणसुद्धा "हे येणार नाहीत" अशा शेऱ्यासह आहेत. स्वेच्छानिवृत्तीचे पैसे धाकट्या मामेबहिणीच्या शिक्षणाला आणि डोंबिवलीच्या घराला गेले होते, आणि नाटकाच्या मानधनावर घर चालत नव्हतं. हे लिहायला घरच्यांना संकोच वाटतो. तरी त्यांच्याशी बोलून, त्यांना पानं दाखवून, लिहा. लेखकानं कशासाठी लिहिलं यात घरभाडं येतं, नोकरीतली रजा येते, आजारपण येतं.

मग त्या संवादांकडे नाटककाराचं काम म्हणून बघा. रद्दीतून वाचलेल्या दोन पिशव्यांतली पानं मी त्याच्या नाटकांशेजारी ठेवून वाचली. त्याच्या पहिल्या नाटकात म्हातारा बाप प्रश्नाला प्रश्नानं उत्तर देतो. तीच लकब मालिकेतल्या आजोबांत आहे, फक्त ताणलेली, दर जाहिरातीआधी एक. आणि उलट असं, की मालिका लिहिल्यावर २००९ मध्ये त्यानं जे शेवटचं नाटक लिहिलं त्यातली वाक्यं आधीच्यापेक्षा आखूड आहेत, प्रवेश लवकर सुरू होतात. रोजच्या लिखाणानं त्याचा हात बदलला होता. माझ्या पुस्तकातलं हे प्रकरण लिहिताना मला सगळ्यात जास्त आनंद झाला.

पडलेली नाटकंही घ्या. सात प्रयोगांत बंद झालेलं नाटक दोनशे प्रयोगांच्या नाटकापेक्षा लेखकाबद्दल जास्त सांगू शकतं. न झालेलं नाटकही.

हक्कांबद्दल थोडक्यात. पत्राचा कागद ज्याला ते आलं त्याचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, आणि तो त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं वारसांकडे राहतो. म्हणून मामाला आलेली मोठ्या माणसांची पत्रं छापायची तर त्यांच्या वारसांची लेखी परवानगी हवी. नाटकाच्या पुस्तकाचे हक्क, प्रयोगाचे हक्क आणि चित्रीकरणाचे हक्क वेगवेगळ्या लोकांकडे असू शकतात, करार काढून बघा. मालिकेतला सबंध सीन छापण्याआधी करारात संवादांचे हक्क कुणाला दिलेत ते वाचा आणि निर्मितीसंस्थेला विचारा. मी विचारलं, परवानगी यायला पाच महिने लागले, पण आली.

काम झाल्यावर कागद पुन्हा माळ्यावर टाकू नका. सगळं स्कॅन करून एक प्रत घरी, एक तुमच्या शहरातल्या जुन्या ग्रंथसंग्रहालयात द्या, आणि देताना यादी करून त्यावर पोच घ्या. कोष्टकही सोबत द्या, ऐकीव नोंदींसकट.

पुस्तक निघाल्यावर आठवड्याभरानं, त्या अभिनेत्रीचा फोन आला. घर बदलताना तिला जुन्या मेकअपच्या पेटीत घडी केलेली सहा पानं सापडली होती. मी जाऊन घेऊन आले. आधी फोटो काढले, मग कोष्टकात शेवटची ओळ लिहिली: मालिकेचं नाव आहे, भाग क्रमांकाचा कोपरा फाटलेला, सहा पानं, अक्षर मामाचं, प्रत्यक्ष पाहिलं.